न काढलेला फोटो

अप्पा, तुम्हाला पत्र लिहिण्याचा अधिकार मला आहे की नाही, ठाऊक नाही. तरी लिहिते आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते. तुम्ही होता तेव्हा लेक असूनही मी तुमच्याशी सलग चार वाक्येही बोलले नसेन. जे सांगायचे ते आईमार्फत सांगायचे आणि तुमचे उत्तरही आईमार्फतच यायचे, अशी आपल्या घरची रीत होती. तुम्हाला जाऊन आता अकरा वर्षे झाली. मी शाळेत पहिली येत राहिले, आणि बारावीचे गुण पाहून सगळे दुसऱ्या वाटा दाखवत असताना छायाचित्रणाच्या अभ्यासक्रमाला गेले. आई एवढेच म्हणाली, की तुमच्यामागे फोटो स्टुडिओची खोली सोडली तेव्हा हे सांगितले असतेस तर बरे झाले असते. आजची गोष्ट मात्र आईमार्फत सांगता येणार नाही. ती तुमच्या धंद्यातली आहे.

शुक्रवार पेठेतली ती खोली मला अजून पुरती दिसते. निळा पडदा, आरशाखाली सुतळीने बांधलेला कंगवा, पावडरचा डबा आणि खुंटीवरचा एकच काळा कोट. आपल्या पेठेतले निम्मे पुरुष मेल्यावर त्याच कोटात भिंतीवर जातात, असे आई म्हणायची. कुणी वारले की घरचे लोक लग्नातला एखादा जुना फोटो घेऊन यायचे, मागच्या रांगेतल्या माणसावर बोट ठेवायचे, आणि तुम्ही नखाएवढ्या चेहऱ्यातून भिंतीवरचा माणूस उभा करायचात. त्यातूनच तुम्हाला एक सवय जडली असावी. पेन्शनसाठी, रेशनकार्डासाठी कुणी म्हातारे माणूस आले, की कामाचा फोटो झाल्यावर तुम्ही त्याला उठू देत नव्हता. नातवंडांची, गुडघ्यांची चौकशी करत करत, ते जरा सैल झाले की आणखी एक फोटो घ्यायचात आणि पाकिटात घालून ठेवायचात. तो कशासाठी, हे तुम्ही कुणाला सांगत नव्हता. ज्या दिवशी घरचे लोक यायचे, त्या दिवशी ते पाकीट तुम्ही न मागता काढून द्यायचात.

चौथीच्या शिष्यवृत्तीत माझे नाव आले तेव्हा तुम्ही सुताराकडून माझ्यासाठी एक स्टूल करून आणलेत, स्टँडवरच्या कॅमेऱ्यापर्यंत माझा डोळा पोहोचावा म्हणून. त्या दिवशी समोर एक हमाल बसले आहेत. त्यांच्या अंगात तो काळा कोट आहे. मी कॅमेऱ्यातून कोटाच्या गुंड्या पाहते आहे, चेहऱ्यापर्यंत नजर नेण्याचा धीर होत नाही. तुम्हाला ते न बघताच कळले. तुम्ही म्हणालात, "गुंड्या काय बघतीस? माणूस समोर बसलाय की. तो बघू देतोय तवर बघून घे." हमाल हसून म्हणाले, "लेकरू हाय ओ अप्पा, लाजतंय." मी स्टुलावरून उतरले, ती पुन्हा चढले नाही. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात.

यंदा आम्हाला प्रकल्प होता, शहरातली रोजची माणसे. मी नवी पेठेत दोन महिने हिंडले. कापड मोजणारा हात, बांगड्यांच्या दुकानापुढच्या बायकांच्या पाठी, घाम पुसणाऱ्या रिक्षावाल्याची मान, असे कितीतरी फोटो मी काढले; त्यांत चेहरा एकही नाही. सोबतच्या टिपणात मी लिहिले, की श्रमाला नाव नसते, म्हणून या छायाचित्रांना चेहरे नाहीत. वाक्य चांगले उतरले होते. सरांनी ते वर्गात वाचून दाखवले आणि हीच तुझी शैली, असे म्हणाले. मला ते खरे वाटू लागले.

मग त्याच कामासाठी शहराच्या पूर्व भागातल्या एका बाईंकडे जाऊ लागले. सत्तरीच्या, घरात तेलुगू बोलणाऱ्या. मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळायच्या. पान कापणे, तंबाखू भरणे, गुंडाळणे, दोरा मारणे, हे सगळे त्या बोटांकडे न बघताच करत. मी दर आठवड्याला जायची आणि बोटांचे फोटो काढायची. दुसऱ्या खेपेपासून बाई माझ्यासाठी ठेवणीतले लुगडे नेसून बसू लागल्या. मला ते अडचणीचे वाटले, कारण रोजच्या कामाच्या चित्रात जरीचा काठ शोभत नव्हता. मी तो चौकटीबाहेर ठेवत गेले. काम संपले की त्या सूप बाजूला सारत, केसांवरून ओला हात फिरवत, ताठ बसत आणि म्हणत, "आता माझा काढ गं. मेल्यावर लावतील की भिंतीला." शेजारणी हसत. एकदा एक शेजारीण म्हणाली, "म्हातारीला आत्ताच हार घालून टाका," तर बाईंनी तिला सांगितले की तुझा नंबर आधी लागेल, तू दम खाऊन चालतेस.

अप्पा, त्या कॅमेऱ्याकडे रोखून बघत होत्या. मी त्यांच्या नजरेला नजर देऊ शकले नाही. कॅमेरा डोळ्याला लावला, भिंग हळूच खाली मांडीवर टेकलेल्या हातांकडे वळवले, आणि बटण दाबले. आवाज झाला. बाई समाधानाने सैल झाल्या. असे मी चार वेळा केले.

त्यांतलाच हातांचा एक फोटो महाविद्यालयाच्या प्रदर्शनात सर्वांत मोठा करून लावला गेला. तिसऱ्या दिवशी बाईंची मुलगी मला शोधत तिथे आली. आई आठ दिवसांपूर्वी गेली, असे तिने सांगितले. घरात आधारकार्डावरचा एक फोटो होता, त्यात आई भेदरलेली दिसते. नातवाने मोबाइलवर काढायचे म्हटले तर आईने त्याला हाकलले होते, कारण तिच्या मते तिचा फोटो खऱ्या कॅमेऱ्याने काढून झाला होता. मुलगी म्हणाली, "आमच्या आईचा फोटो तुमच्याकडं हाय म्हणं. लई जणांना सांगितलं तिनं. दिवसाच्या कार्याला पाहिजे हुता." बोलता बोलता ती भिंतीवरच्या मोठ्या फोटोपुढे थांबली. हात तिने लगेच ओळखले, काचेवर बोट टेकवले. मग फोटोच्या वरच्या कडेकडे बघत म्हणाली, "आणि तोंड कुटं हाय?" मी म्हणाले, वेगळा काढला आहे, दोन दिवसांत पाठवते.

घरी येऊन मी सगळे फोटो उघडले. एकात हनुवटीची कड मिळाली, एकात कानातले, तेही धूसर. वर्गातल्या मैत्रिणीने सुचवले, आधारकार्डाचा फोटो मागव, संगणक त्यातून हसरा चेहरा करून देतो, सगळे असेच करतात. मी मुलीकडून तो फोटो मागवला. चेहरा तयार झाला. त्याला मी ते जरीचे लुगडे जोडायला गेले, तर माझ्या एकाही फोटोत काठ नव्हता आणि तो कोणत्या रंगाचा होता, तेही आठवेना. तुम्ही कोट चढवायचात, पण त्याच्या आतले माणूस तुम्ही पाहिलेले असायचे. माझ्यापुढच्या पडद्यावर एक प्रसन्न म्हातारी होती. ती बाईंसारखी आहे की नाही, हे मला सांगता येत नव्हते. सहा आठवडे मी त्यांच्यापासून दोन हातांवर बसले होते.

तो चेहरा मी पुसून टाकला. मुलीला लिहिले, की तुमच्या आईचा फोटो माझ्याकडे नाही. त्या माझ्यापुढे चार वेळा नीट बसल्या आणि चारही वेळा मी काढल्याचे नाटक केले. हे त्यांना कळले नाही, म्हणून तुम्हाला सांगते आहे. प्रदर्शनातला फोटो मी उतरवायला सांगितला आहे. हवा असेल तर तो तुमचा आहे.

हे पत्र मी वहीतच ठेवणार आहे. एक गोष्ट तेवढी कबूल करते. त्यांचे घर इथून चालत वीस मिनिटांवर आहे आणि हे दारात उभे राहून सांगायला हवे होते, हे मला कळत होते. चपला घातल्या, जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. निरोप मोबाइलवरूनच पाठवला. निरोपाखाली वेळ उमटली आहे: सोमवार, नऊ फेब्रुवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटे.