तुझं अर्धं राहिलेलं वाक्य

प्रिय वहिनी,

आधी माझी एक तक्रार नोंदवून घे, कारण इथे कोणी घेत नाही. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी बारा वर्षांनी नखं रंगवली. दहाही, गडद जांभळी. हात टेकायला टेबल लागलं नाही, पोटच पुरलं, हा नऊ महिन्यांतला एकमेव फायदा. सकाळी सातला वॉर्डातल्या सिस्टर आल्या, माझ्या तोंडाकडे न बघता थेट बोटांकडे बघितलं आणि कापसाच्या बोळ्याने तासाभराची कलाकृती दीड मिनिटात पुसून टाकली. मी म्हटलं, अहो, निदान डाव्या हाताची तरी राहू द्या. त्या म्हणाल्या, ताई, लग्नाला नाही निघालात. एका नामवंत लेखिकेशी असं बोलतात का? (नामवंत मी स्वतःच म्हणतेय. इथे कुणालाच माहीत नव्हतं.)

मग त्यांनी कारण सांगितलं. रक्त कमी पडायला लागलं की नखं लगेच सांगतात, म्हणून ती कोरी लागतात. चादरीची सुरकुती काढावी इतक्या सहज सांगितलं. मग करंगळीच्या कडेला राहिलेला रंग मी स्वतःच खरवडून काढला. दादाला सांग, त्याला खरं वाटणार नाही.

तुला फोनवर मी सगळं हसण्यावारी नेत आले. बाळाची वार म्हणजे असा भाडेकरू आहे की दारातच खाट टाकून बसलाय, असं म्हटलं होतं ना? ते खरं होतं, फक्त गमतीचं नव्हतं. बेचाळिसावं वर्ष, दोनदा होता होता राहिलेलं, आणि तिसऱ्या वेळी वार गर्भाशयाच्या तोंडावरच पसरलेली. कळा सुरू झाल्या असत्या तर बाळाच्या आधी रक्त आलं असतं, आणि ते थांबेलच असं कुणी सांगत नव्हतं. म्हणून कळांची वाट न बघता मंगळवार, सकाळी नऊ. तू यायला निघाली होतीस, पण भाचीची परीक्षा होती, मीच नको म्हटलं. नको म्हणताना आवाज कसा बाई इतका खणखणीत लागला माझा!

घरची तयारी नवऱ्याने केली. नगरपालिकेत नकाशे काढणारा माणूस, काळजी वाटली की फूटपट्टी काढतो. खाटेपासून संडासापर्यंत किती पावलं, वाटेत टेकायला कुठे काय, खुर्चीची उंची किती, सगळं मोजून त्याने कागदावर उतरवलं. खाटेच्या पायांखाली दोन दोन विटा घातल्या, म्हणजे उठताना पोटावर ताण नको. कपाट सरकवलं. नकाशाच्या कोपऱ्यात उत्तर दिशा दाखवणारा बाणसुद्धा काढला. मी म्हटलं, अरे, मी संडासला चाललेय, ध्रुवावर नाही. तो म्हणाला, असू दे, सवय आहे.

माझी सवय मात्र अंगाशी आली. संमतीपत्र हातात दिलं तर मी पेन काढून ते तपासायलाच बसले. एक वाक्य दोनदा आलं होतं, ते खोडलं. दुसरं फार लांब होतं, ते तोडलं. समासात ‘हे आधी घ्या’ असंही लिहिलं. सिस्टरनी ते बघितलं आणि कपाळावर हात मारला. ताई, ही सहीची कागदपत्रं आहेत, शाळेची वही नाही! खाडाखोड केलेलं चालत नाही म्हणून नवीन कागद आला, आणि या वेळी त्यांनी तो माझ्या हातात दिलाच नाही, स्वतः एकेक ओळ वाचून दाखवली. पहिल्यांदा मी वाक्यं बघितली होती, अर्थ बघितलाच नव्हता. रक्त द्यावं लागल्यास. गर्भाशय काढावं लागल्यास. जिवाला धोका निर्माण झाल्यास. प्रत्येक ओळीनंतर त्या थांबायच्या आणि विचारायच्या, कळलं ना? मी हो म्हणायचे. सही केली तेव्हा माझंच नाव मला कुणा परक्या बाईचं वाटलं.

आत भलतीच थंडी होती. भूल देणारे डॉक्टर म्हणाले, मांजरासारखी पाठ वाकवा. एवढं पोट घेऊन मांजर कशी होणार, हे विचारायच्या आत सुई टोचून झाली होती, आणि थोड्या वेळाने पाय मला न सांगता निघून गेले. छातीसमोर हिरवा पडदा. दुखत काहीच नव्हतं, पण सगळं कळत होतं. ट्रंकेत तळाशी ठेवलेली शाल काढायला कुणीतरी खांद्यापर्यंत हात घालावा, तसं चाललं होतं, आणि ती ट्रंक मी होते. डॉक्टरीणबाई काहीतरी गुणगुणत होत्या. मग त्यांचं गुणगुणणं थांबलं.

वहिनी, त्या खोलीत सहा माणसं होती आणि सगळ्यांच्या माना एकाच जागी वळल्या. बाईंनी अगदी साध्या आवाजात सांगितलं, रक्ताच्या दोन पिशव्या बोलवा. सिस्टर माझ्या उशाशी आल्या, माझं बोट हातात घेतलं, नख दाबलं, सोडलं, बघितलं. पुन्हा दाबलं, सोडलं, बघितलं. माझा सगळा जीव त्या बोटभर जागेत गोळा झालेला, आणि एक बाई तो वाचत होती.

आणि मग रडणं ऐकू आलं. ते रडणं नव्हतंच खरं तर, भांडण होतं. आत चांगलं चाललं होतं, कुणी विचारलं होतं का मला, असं. पोरीला माझ्या गालाशी आणलं तेव्हा ती राखाडी निळसर होती, आणि माझ्या डोळ्यांदेखत, श्वासागणिक, ती गुलाबी होत गेली. कपाळापासून सुरू झालं, मग नाक, मग ओठ. पलीकडे त्या बाई मला थरामागून थर शिवत होत्या. तू असतीस तर मान वर करून टाका कुठला घालताय ते विचारलं असतंस. शिवणक्लासमधल्या मुलींना तू बजावतेस ना, आतली शिवण चांगली असली तर बाहेरची दिसत नाही? सात थर, वहिनी. बाहेर वीतभरही रेघ नाही. रक्त थांबलं. गर्भाशय राहिलं. एका माणसाला उघडून त्यातून दुसरं माणूस काढतात, पहिलं पुन्हा बंद करतात, आणि दुपारी त्याच बाई दारातून विचारतात, काय, कसं वाटतंय? जसं काही भाजी आणायला गेलो होतो.

पुढचे दोन दिवस रुग्णालयाला माझ्याकडून एकच अपेक्षा होती, गॅस सरावा. डॉक्टर विचारत, सिस्टर विचारत, फरशी पुसणाऱ्या मावशी विचारत. माझ्या एकाही पुस्तकाची इतक्या माणसांनी इतक्या आतुरतेने वाट बघितली नव्हती. दुसऱ्या दिवशी उभं केलं. सिस्टर म्हणाल्या, खाली नाही बघायचं, खिडकीकडे बघा आणि चला. दारापर्यंत सात पावलं. मी पोट दोन्ही हातांनी धरून, भरलेली घागर नेतात तसं स्वतःला नेलं. दाराला हात लागला तेव्हा मावशींनी हातातलं फडकं ठेवून टाळी वाजवली, आणि मला खरंच रडू आलं.

तिसऱ्या दिवशी नवरा पोरीला लंगोट बांधायला बसला. आधी त्याने तो पलंगावर पसरला, पेन्सिल काढली आणि मध्यरेषा आखली. पोरीला वर ठेवताच तिने बरोबर त्या रेषेवर धार सोडली. मला हसू आलं. वहिनी, मला हसू आलं आणि पोटात कुणीतरी सुरी फिरवली. मी उशी ओढून पोटाशी घट्ट धरली, डोळ्यांतून पाणी, तरी हसू थांबेना, आणि तोंडातून निघालं, पुरे, अरे पुरे.

आणि मला तू दिसलीस. अकरा वर्षांपूर्वीची. भाची पायाळू होती म्हणून तुझंही तारीख ठरवूनच झालं होतं. चौथ्या दिवशी मी खुर्ची ओढून तुझ्यासमोर बसले आणि त्या आठवड्याचा माझा लेख तुला वाचून दाखवला. विषय तूच होतीस. कळा नाहीत, घाम नाही, बाई सकाळी पेपर वाचून आत गेली आणि खिडकीवरून पार्सल घ्यावं तसं मूल घेऊन आली, असं बरंच काही. तू उशी पोटाशी धरली होतीस. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुरे गं वन्सं, पुरे, असं तू दोनदा म्हणालीस, आणि मी ती दाद समजून पुढचा परिच्छेद वाचला. हसून हसून रडली, असं मी कितीजणांना अभिमानाने सांगितलंय. मग तू म्हणालीस, आत ना, मला एकदम वाटलं... आणि मी म्हटलं, थांब गं, शेवट ऐक आधी.

तो लेख सगळ्यांनी विसरायला हवा होता. पण तुझ्या पोरीला घरात, शेजारात, सगळीकडे ‘पार्सल’ नाव पडलं. दादा म्हणतो, आई म्हणायची, मी तर म्हणतेच. तुला काय, आयतं पार्सल आलं, हे कितीजणींनी तुला तोंडावर ऐकवलं, ते मी ऐकलंय. त्या हाकेने अकरा वर्षांत एकदाही तिला न बोलावणारी तू एकटी. हे माझ्या लक्षात यायला माझं पोट फाडावं लागलं.

आता हे पत्र का, ते. फोनवर सांगितलं असतं तर मी विनोद करून सटकले असते. गुणगुणणं थांबलं तेव्हा मी बाळाचा विचार करत होते, असं मी सगळ्यांना सांगितलंय. ते खोटं आहे. मी म्हणत होते, मला जगायचंय. मला. पोर कशी आहे हे मी नंतर विचारलं. हे नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. अकरा वर्षांपूर्वी तुला आत काय वाटलं होतं, ते मला ऐकायचंय; माझ्यासारखंच असेल तर, आणि नसेल तरीही. परीक्षा संपली की ये. मी मध्ये बोलणार नाही. काल तुला फोन लावला होता, तो भाचीने उचलला. मी तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारली. ती म्हणाली, हो आत्या, मीच बोलतेय.

तुझीच,
वन्सं