उमाचा सोमवार

झरी, १० ऑगस्ट १९९२, श्रावणी सोमवार

आज उमानं सकाळीच पोटभर शिरा खाल्ला, आणि भरवला तो माझ्या सासूबाईंनी. अजून खरं वाटत नाही.

गेल्या श्रावणात माझ्या या सात वर्षांच्या पोरीनं दिवसभर उपास धरला, तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं. मीसुद्धा. मी का केलं? संध्याकाळी हातपाय गार पडून ती निपचित झाली. चरबीतून ताकद काढणारं एन्झाइम तिच्या अंगात नाही, उपाशी ठेवू नका, असं मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं. सासूबाईंना पटेना. "महादेवाच्या उपासानं कुणाला काय झालंय?"

परवा धाकट्या भावाचं पत्र आलं. परदेशात त्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी उंदरांमधलं याच एन्झाइमचं जनुक बंद केलं. पोटात अन्न असलं की ते उंदीर चांगले पळतात. उपाशी ठेवले की गार पडतात. अगदी उमासारखे.

मी ते वाचून दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, "उंदराला काय ठावं, सोमवार हाय का मंगळवार."

आज देवळातून आल्या त्या सांगतच. "महादेवाला बोलून आले. तिचा सोमवार बी मीच धरायलेय." उपासाला भगर खातात, आज त्यांनी तीही खाल्ली नाही.

दिवेलागणीला सवयीनं उमाचे पाय चाचपले. गरम. मग सासूबाईंच्या पाया पडले, तर म्हणाल्या, "माझे कशाला चाचपायलीस? मी धडधाकट हाय."