टक् वाजलं तरी ओढून बघ

आई, वायरी आता नारिंगी झाल्यात. तू चाकणच्या कंपनीत बोर्डापुढं उभी राहून गाड्यांचं वायरिंग बांधायचीस तेव्हा काळ्या, लाल, पिवळ्या असायच्या. नारिंगी म्हणजे विजेच्या गाडीतली जोराची लाइन, हात लावायच्या आधी विचार कर. मी सध्या तळेगावात एका शेडमध्ये असतो. तिथं आम्ही अशी एक छोटी गाडी बनवतोय, दोन माणसांची, रिक्षापेक्षा बुटकी. विकायची नाही अजून, नमुनाच आहे. तू गेल्यापासून माझं हे सातवं काम. हसू नकोस. इथं मात्र मला टिकायचंय.

गाडी शहाणी आहे. पट्टा लावला नाही तर जागची हलत नाही, चार्जिंगची पिन लागलेली असली तरी हलत नाही. बॅटरी सीटखाली जाड पेटीत आहे, बाजूनं कुणी धडकलं तर आधी चौकट मार खाणार. आणि चालताना इतकी गप्प, की रस्त्यावरच्या माणसाला कळावं म्हणून मुद्दाम आवाज बसवावा लागला. तो ठरवण्यात आमचे तीन दिवस गेले. एक आवाज थेट आपल्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीचा. मी म्हणालो, हाच ठेवा, लोक दळणाचे डबे घेऊन मागं येतील. मॅडम हसल्या नाहीत. मॅडम म्हणजे ज्यांनी ही गाडी कागदावर काढली त्या, माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठ्या.

हां, तर वायरी. सगळ्या नारिंगी जोडांमधून एक बारीक वायर फिरवलीय. एक जरी जोड नीट बसला नसला, तरी त्या वायरीतला प्रवाह तुटतो आणि मोठी लाइन चालूच होत नाही, कारण ढिला जोड तापतो, ठिणगी पडते. मॅडम हे समजावत होत्या आणि मला आपली खोली दिसत होती. तू पहिली शिफ्ट करून आलीयस, बोटांना काळ्या टेपचा चिकटा, मार्केटातून कांद्याचा वास येतोय. तू सिलिंडरला रेग्युलेटर बसवतेस, टक् वाजतं, आणि तरी ओढून बघतेस. दाराची कडीही तशीच, माझ्या दप्तराचं बक्कलही. कंपनीनं शिकवलेलं तू घरभर करायचीस: ढकल, टक् ऐक, ओढ. एकदा रेग्युलेटर मी लावला आणि नाक्यावर ट्रकमधून कांदे सांडले म्हणून बघायला पळालो. तू कान धरून परत आणलंस.

"टक् वाजलं होतं की," मी म्हणालो.

"वाजलं तर वाजलं. ओढून बघितलास का? कामून इतकी घाई करायलास? तुझं ध्यान टक् वाजंपर्यंतच असतंय."

गेल्या आठवड्यात गाडी पहिल्यांदा शेडबाहेर काढायची होती. मॅडम चालवणार, शेजारी त्यांचे वडील, निगडीहून आलेले, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. नारळ फुटला, पेढे वाटले, आणि गाडी चालूच होईना. मॅडम लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसल्या. सुपरवायझर माझ्या कानाशी आले. "राव, ती बारीक वायर बाहेरून जोडून टाक की. दोन चकरा मारायच्यात, कोण बघतंय?" त्यांनी वायरीचा तुकडा हातात दिला; तो जोडला की कुठला जोड ढिला आहे याचा गाडीला पत्ताच लागला नसता. मी जोडला असता, आई. तुला खोटं कशाला सांगू. तेवढ्यात मॅडमच्या वडिलांनी, काकांनी, सीटवर बसून पट्टा लावला, आणि लावल्यावर एकदा ओढून बघितला. सहजच.

मी तुकडा खिशात घातला. "काका, जरा उतरता का?" मेन स्विच बंद केला, हातमोजे घातले आणि मागून एकेक जोड ओढत निघालो. तिसरा हातात आला. काकांच्या सीटखालचा.

"हा कसा निघाला?" मॅडम म्हणाल्या.

"हादऱ्यानं निघाला असेल," मी म्हणालो.

"गाडी अजून चाललीय कुठं?"

मी खाली बघत जोड बसवला, ओढला, परत ओढला. गाडी चालू झाली. गेटपर्यंत जाऊन वळली, काकांनी काचेतून हात केला. सुपरवायझर पाठीवर थाप मारून म्हणाले, "डोकं चालतं की भावा तुझं." मॅडमनी मात्र माझ्याकडं नुसतं बघितलं.

उद्या सांगतो म्हणत आज चौथा दिवस. तुला लिहिणं सोपं आहे, तू आता कान धरणार नाहीस. हा कागद खिशातच राहील, त्या वायरीच्या तुकड्याजवळ. सांगायचंय मॅडमना. तो जोड मीच बसवला होता. बाहेर चिखलात क्रेन रुतली होती, ती बघायला गेलो, आणि परत आल्यावर पुढच्याच जोडाला हात घातला. माझं ध्यान टक् वाजेपर्यंतच असतं, म्हणायचीस. त्या दिवशी तेवढंही नव्हतं.