तुमच्या नावाचा रिपोर्ट

पायलचे पप्पा,

पाच वर्षांपूर्वी कॅम्प पाचमधल्या दवाखान्याच्या डॉक्टरांनी तुमच्यासारख्या बीपीच्या सगळ्या पेशंटची लघवी तपासायला मागवली. किडनीचा आजार घरोघरी निघतोय, म्हणाले. दारू पकडली जाईल म्हणून तुम्ही टरकलात आणि डबी माझ्याकडून भरून घेतलीत. नंतर "नॉर्मल आलं" म्हणालात, आणि डॉक्टरच बदललात.

काल कपाटात तो रिपोर्ट सापडला. नाव तुमचं, खाली लिहिलंय, लघवीतून प्रोटीन जातंय, किडनी लगेच दाखवा. लघवी कोणाची, हे तुम्हाला माहीत होतं.

आता आठवड्यातून तीनदा मला हाताला धरून डायलिसिसला नेता. शेजारणी म्हणतात, नवरा असावा तर असा.

हे पत्र देणार नाही. शुक्रवारी रिक्षातून उतरवायला तुम्हीच लागणार.

तुमच्या नावाने तपासलेली,
सुनंदा