गरम पाण्यातली मोहरी

रविवार, १४ ऑक्टोबर, दुपार

चि. छकुलीस,

वहिनीचे ओंजळभर आशीर्वाद. पन्नाशी उलटली तरी तू आम्हाला छकुलीच, तेव्हा रागावू नकोस. आम्ही सगळे खुशाल आहोत. भावोजींचा खोकला कमी झाला असेल असं धरून चालते. आईही ठीक आहेत. नेहमी लिहायचं म्हणून लिहितो तसं ‘ठीक’ नव्हे हं. खरंच ठीक आहेत, आणि म्हणूनच हे पत्र.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. मी फोनवर बोलायला लागले की शेजारच्या खोलीत आईंचे कान टवकारतात, आणि इकडे तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस. पत्रात दोघींचंही काही चालत नाही. आत्ता आई झोपल्या आहेत. तुझा दादा कुठल्याशा इमारतीतली अडकलेली लिफ्ट सोडवायला गेला आहे. मेल्या रविवारीच बऱ्या अडकतात. मी स्वयंपाकघराचं दार लावून टेबलाशी बसले आहे.

तुला शुक्रवारपर्यंत उत्तर हवं आहे, ते माझ्या लक्षात आहे. वृद्धाश्रमातली ती तुझ्या घराजवळची खोली, बागेकडची खिडकी, हाकेला नर्स. उत्तर देते. पण आधी मला मोहरीच्या सॉसचं सांगू दे, नाहीतर माझं उत्तर तुला तऱ्हेवाईक वाटेल.

आईंचा सॉस तू जन्मभर खाल्ला आहेस. पिवळी मोहरी, मूठभर काळी, कॉफीच्या त्या जुन्या दळणीत भरड दळायची. मग फ्रीजमधलं गार पाणी घालून लाकडी चमच्याने फेसायची आणि वर ताटली झाकून चढू द्यायची. नाकाला झोंबायला लागली की व्हिनेगर, मीठ, चिमूटभर साखर, की भरली बरणी. या घरात बाकी कशाला शिस्त नसली तरी त्या गार पाण्याला आहे. मी नवी नवरी असताना एकदा कोमट पाणी घातलं होतं. आई वास घेऊन म्हणाल्या, “मेली मोहरी,” आणि भांडं मोरीत. वर पुन्हा महिनाभर येईल त्या पाहुण्याला ती गोष्ट ऐकवली.

तर मागच्या महिन्यात मी लाँड्रीतल्या कामावरून घरी आले, आणि बघते तो आई दळलेल्या मोहरीवर किटलीतलं उकळतं पाणी ओतत होत्या.

मी म्हटलं, “आई, अहो, गरम?”

“हं,” त्या म्हणाल्या, आणि फेसत राहिल्या.

कडवट, गुळमट असा काहीतरी लगदा झाला. रात्री जेवताना तुझ्या दादाने तो उकडलेल्या अंड्यावर घेतला, एक घास खाल्ला आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. आई मात्र शांतपणे अंड्याला लावून खात होत्या.

तेव्हापासून मला जिथे तिथे तेच दिसायला लागलं. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंशी जिन्यात तासन्‌तास बोलणाऱ्या आई नुसत्या हात हलवून वर यायला लागल्या. तुझ्याशी फोनवर “हो”, “बरं”, “ठेवते”, एवढंच. पावाच्या कडा ताटाखाली लपवायच्या. न्हाणीघरात शिरल्या की बाहेर यायचं नाव नाही. मी दारावर टकटक केली की आतून “हं”. हे सगळं मी तुला कळवत होते आणि तू गप्प होत होतीस. मग तूच तो शब्द उच्चारलास, स्मृतिभ्रंश. रागाने नाही सांगत. माझ्याही ओठांवर तोच होता. मला धीर होत नव्हता, इतकंच.

मी त्यांच्यामागे सावलीसारखी फिरायला लागले. गॅस पेटवला की मी हजर, सुरी उचलली की मी हजर. त्यांना ते आवडत नव्हतं, हे मला कळायचं. त्या आणखीच तोंडाला कुलूप लावायच्या, आणि मला वाटायचं, वाढतंय.

डॉक्टरकडचं मी तुला फोनवर अर्धंच सांगितलं होतं. उरलेलं आता सांगते. मेंदूचे ते डॉक्टर तरुण आहेत, मऊ बोलतात. त्यांनी आईंना वार विचारला, महिना विचारला. आईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं. कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं तर नीट काढलं, पण बोलायचं म्हणून नाही. मग त्यांनी माझ्याकडे हात करून विचारलं, “आजी, ह्या कोण?”

आईंनी माझ्याकडे पाहिलं. चांगलं टक लावून पाहिलं. आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

छकुली, मी तुला हे नाही सांगू शकले. येताना बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या होत्या आणि मी त्यांची पिशवी मांडीवर घेऊन रडू गिळत होते. जन्मभर या बाईने मला टोमणे मारले. माझी भाजी खारट, माझ्या इस्त्रीला चुण्या, माझा आवाज मोठा. त्या दिवशी त्यांनी एक टोमणा मारला असता ना, तर मी बसमध्येच त्यांच्या पाया पडले असते. त्याच संध्याकाळी तुझा फोन आला, आणि खोलीला मी “बघू” म्हटलं. तू त्याचा अर्थ ‘हो’ असा घेतलास. तो तसाच होता.

आता गंमत ऐक.

मागच्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी तुझ्या दादाच्या डोक्यात आलं की आईंच्याच पद्धतीने सॉस करून त्यांच्यापुढे ठेवावा. म्हणाला, “तो वास आला की कदाचित काहीतरी आठवेल तिला.” मला पटलं नव्हतं, पण बुडत्याला काडीही सोडवत नाही. मी काळी मोहरी जरा सढळ हाताने घेतली, गार पाण्यात फेसली, ताटली झाकली. झाकण काढलं तर माझंच डोकं मागे गेलं, अशी चढली होती! उकडलेले बटाटे, लोणी, पाव आणि मध्ये बरणी, असं दुपारचं जेवण मांडलं.

आईंनी बरणी बघितली आणि ताट मागे सारलं.

“आई, थोडं तरी चाखून बघ,” तुझा दादा म्हणाला. त्या मान हलवतात, हा पिच्छा सोडत नाही. शेवटी त्याने बटाट्याच्या फोडीला चमचाभर थापून ती त्यांच्या तोंडाशीच नेली. मुलगा भरवतोय म्हटल्यावर आईंचा नाइलाज झाला. त्यांनी घास घेतला.

क्षणभर काही नाही. मग त्यांचे डोळे एवढे मोठे झाले, आणि “जळलं मेलं तोंड!” असं ओरडून त्यांनी दोन्ही हात तोंडात घातले आणि कवळी काढून ताटात आदळली. वरची, मग खालची. बटाट्यांमध्ये.

“जीव घेता का रे माझा?” बोळक्या तोंडाने त्या कडाडल्या. “हिरड्यांची नुसती चाळण झालीय, आणि हा भरवतोय मोहरी!”

त्यांनी ओठ ओढून दाखवला. आत फोड, एक बाजू सोललेली. बघवेना. उन्हाळ्यात त्या तुझ्याकडे राहून आल्या, तेव्हा तू हौसेने बसवून दिलेले दात पहिल्या दिवसापासून टोचत होते. बोलायला लागलं की घसरत, चावायला लागलं की रुतत. म्हणून शिंपीणबाई नकोत, म्हणून पावाच्या कडा ताटाखाली. न्हाणीघरात काय, तर कवळी काढून तासभर आराम!

“मग बोलला का नाहीत?” मी जवळजवळ किंचाळलेच.

“काय बोलू? पोरीने स्वतः रजा काढून, रांगेत बसून करून दिले. आल्याबरोबर सगळ्या इमारतीला हसून दाखवले मी. आता कुठल्या तोंडाने सांगू?”

“आणि ते गरम पाणी?”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की अगं, मला माझ्या लग्नाचं पहिलं वर्ष आठवलं. “गरम पाण्याने मोहरी मरते, हे तू मला शिकवणार? मारायचीच होती! जिवंत मोहरी या तोंडाला सोसली असती होय?”

“पण डॉक्टरांनी विचारलं, ही कोण, तेव्हा...”

“तोंड उघडलं असतं तर वरची कवळी त्याच्या टेबलावर पडली असती. आणि प्रश्न तरी काय! इतकी वर्षं शिकला, समोर सासू-सून बसल्यात हे कळत नाही. त्याचंच डोकं तपासून घ्या.”

मला हसू फुटलं ते थांबेचना, आणि मध्येच कधीतरी ते रडणं झालं. मी बरणीकडे बोट दाखवून “मोहरी, मोहरी” म्हणत राहिले. तुझा दादा नाक शिंकरत म्हणाला, “आपण मोटर खोलून बसलो होतो, आणि दार अडकलं होतं!” तो असं लिफ्टच्या भाषेत बोलायला लागला की समजावं, जीव भांड्यात पडलाय.

दुसऱ्याच दिवशी आमच्या रस्त्यावरच्या दातांच्या बाईंकडे नेलं. त्यांनी कवळी चार ठिकाणी घासून दिली, लावायला मलम दिलं आणि फोड बरे होईपर्यंत दात डबीत ठेवायला सांगितले. दात वाईट नाहीत म्हणाल्या. माप घेतलं तेव्हा हिरड्या सुजलेल्या असाव्यात. तेव्हा तू मनाला लावून घेऊ नकोस. खरं म्हणजे दातांचं तुला कळवायचं नाही, अशी मला सक्त ताकीद आहे. फोनवर चुकूनही बोलू नकोस. त्या दातांची तारीफ करतील, ती ऐकून घे.

मेंदूच्या डॉक्टरांकडे गुरुवारी पुन्हा गेलो. माझा आग्रह, कारण मला ते शिक्कामोर्तब करून हवं होतं. आईंनी दात लावले, वार, महिना, वर्ष सांगितलं, शंभरातून सात-सात वजा करत खाली आल्या, आणि वर डॉक्टरांना त्यांचं लग्न झालंय का ते विचारलं. डॉक्टर हसून म्हणाले, वयाच्या मानाने स्मरण उत्तम आहे, पुन्हा आणायची गरज नाही. त्यांच्या दाराबाहेर मला इतकं हलकं वाटलं की मी आईंचा हातच धरला. “काय पडतेय का मी?” म्हणून त्यांनी तो सोडवून घेतला.

आता घरात दिवसभर बडबड आहे. साठलेलं सगळं बाहेर येतं आहे, अर्थात माझ्याविषयीचंच. काल मला म्हणाल्या, “तू गॅसपाशी येऊन उभी राहायचीस ना, मला वाटलं तुला माझं स्वयंपाकघर हवंय.” मी म्हटलं, “मला वाटलं तुम्हाला काही आठवत नाही.”

आणि आता ते, जे लिहायला मी इतका वेळ लावला.

तू त्या वृद्धाश्रमाच्या सूचना पाठवल्या होत्यास. त्यात होतं की प्रत्येक कपड्यावर नावाची पट्टी शिवलेली हवी, नाहीतर धुण्यात मिसळतात. लाँड्रीत माझं तेच काम. मी तिथूनच पट्ट्या आणल्या, आईंचं नाव घालून घेतलं, आणि दुपारी त्या झोपल्या की त्यांच्या कपड्यांना आतून शिवत बसायची. स्वेटर झाला, गाऊन झाले, तो निळा कोट झाला. मला वाटलं होतं, कळणार नाही. ज्यांना माझी ओळख पटत नाही त्यांना पट्टी कुठली दिसायला, असं मी मनाशी म्हणत होते. गुरुवारनंतर त्या पट्ट्या उसवायचं मी रोज ठरवायची आणि रोज टाळायची.

आज सकाळी चहाला आले तर माझ्या कपापाशी पट्ट्यांची छोटी चळत होती. सगळ्या उसवलेल्या, दोरे वेचून काढलेले. आई खिडकीशी, माझ्याकडे पाठ करून बसल्या होत्या. त्यांनी कधी उसवल्या, त्यांना खोलीचं कधीपासून माहीत आहे, मी काही विचारलं नाही.

त्या वळल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, “तुझ्या लाँड्रीत हरवत असतील कपडे. आपल्या घरात कोणाचे कोणते ते तुला ठाऊक आहे ना?”

मी “हो” म्हटलं. मग आम्ही चहा प्यायलो.

तर छकुली, शुक्रवारची वाट बघू नकोस. पत्र हातात पडताच त्या वृद्धाश्रमाला कळव की खोली नको. उद्या खरोखरच आईंना काही झालं, त्यांना माझा चेहराही ओळखू आला नाही, तरी नको. तेव्हा मी रोज सकाळी सांगेन त्यांना, मी कोण ते.

आईंना माझी गरज आहे म्हणून नाही लिहीत हे. मला त्या हव्या आहेत.

तुझी,
आणि तुझ्या आईची सून,
वहिनी