विहिरीचं वळण

७ सप्टेंबर, रविवार

पैज लागली!

पोरगा जेवायला आला होता. दर रविवारी येतो, एकटाच. दोघांचं जेवण एकट्याने जेवला आणि हात धुवायच्या आधीच तोंड उघडलं — आई, आता तू माझ्याकडे राहायला ये. जिन्यात माझा पाय घसरला तेव्हापासून हेच चाललंय. मी म्हटलं, उघड्यावर पडलेय का मी? दोन खोल्या आहेत, खाली यांचं सायकलचं दुकान आहे. हे गेल्यापासून बंद असलं म्हणून काय झालं, आहे ना!

तो म्हणाला, पुन्हा पडलीस तर कोण बघणार? मी म्हटलं, एप्रिलमधे ती लांब पल्ल्याची ट्रायथलॉन आहे. तलावात पोहायचं, मग उन्हातान्हात सायकल, मग वर पळायचं. वेळेत नाही संपवलं तर गाडीत घालून आणतात. मी जाणार आहे. पडणारी बाई असलं करते का?

हसायला लागला. मग हसणं थांबवून म्हणाला, "पूर्ण केलीस तर मी परत कधी हा विषय काढणार नाही. नाही केलीस तर सामान बांधायचं."

हात मिळवला. हात खरकटाच होता त्याचा.

८ सप्टेंबर

काय करून बसले मी!

१० सप्टेंबर

कामावर, लाँड्रीत, मालकीणबाईंना सांगितलं. वाफेच्या इस्त्रीतून मान वर न काढता म्हणाल्या, पोहण्याचं ठीक, पण पळणार कशी, तू तर बसमागेसुद्धा पळत नाहीस. खरंय. बस थांबते माझ्यासाठी.

ह्या सगळ्याचं मूळ तो तलावाचा टॉवेल. जलतरण तलावाचे टॉवेल धुवायला आमच्याकडे येतात. एकदा गठ्ठा पोचवायला गेले होते, पाण्यात पाचसहा जण हातपाय आपटत होते. मी सहज म्हटलं, अहो, पाण्याने काय वाकडं केलंय तुमचं? त्यांचा मास्तर ऐकत होता. गळ्यात शिट्टी. म्हणाला, मावशी, तुम्ही दाखवा मग. दाखवलं. लहानपणी विहिरीत पोहलेली बाई मी! तेव्हापासून पहाटे त्यांच्यात जाते. पोरासोरांत मी एकटीच चष्मा काढून मग पाण्याचा चष्मा घालणारी.

मास्तरला मी मनात शिट्टीच म्हणते. त्याला पैज सांगितली. म्हणाला, मावशी, ऑक्टोबरात सरावाची छोटी शर्यत आहे, आधी ती करू. त्याच्या आवाजात मला डॉक्टर ऐकू आला.

२१ सप्टेंबर, रविवार

पोरगा आला. शर्ट चुरगळलेला. इस्त्रीवालीचा मुलगा आणि असा! विचारलं, सूनबाईने इस्त्री विकली का? म्हणाला, तिला ऑफिसात काम फार आहे. म्हटलं, तुझे हात कुठे गहाण आहेत? शर्ट काढून घेतला, इस्त्री केली. तो तेवढ्यात बनियनवरच झोपला. दुपारभर झोपला.

सूनबाईला फोन केला होता, उचलला नाही. तशी ती मोजूनच बोलते. त्या घरात गेले तर चहा मागताना घसा खाकरावा लागेल. ते घर कितव्या तरी मजल्यावर, खिडकीतून नुसत्या दुसऱ्या खिडक्या. इथे निदान खाली यांचा वास आहे — ग्रीसचा. कधी कधी मी नुसती शटर वर करून उभी राहते.

१२ ऑक्टोबर, रविवार

लिहू नये असं वाटतंय. पण लिहिते.

पहिली शर्यत. पोहण्यातच गारद! तलाव मोठा, मधे नारंगी फुगे, त्यांना वळसा घालून यायचं. मी निघाले जोरात. हात मस्त चालत होते. एकीला मागे टाकलं, खूश झाले. डोकं वर काढलं तर समोर माणसं टाळ्या वाजवतायत. वाटलं, झालं की! ती निघायचीच जागा होती. मी गोल फिरून परत आले होते.

होडीतला माणूस ओरडला, बाई, कुठे निघालात? मी म्हटलं, बाजाराला. सगळे हसले. मीही हसले. मग पुन्हा निघाले, पुन्हा डावीकडे. वेळ संपली. होडीत घेतलं मला, गठ्ठ्यासारखं.

काठावर पोरगा टॉवेल घेऊन उभा होता. माझ्या खांद्यावर टाकला. घरी येऊन दार लावलं आणि रडले.

१३ ऑक्टोबर

शिट्टीने आज मला डोळे मिटून पोहायला लावलं. दोरीला जाऊन धडकले, डावीकडच्याच. पुन्हा, पुन्हा. त्याने विचारलं, मावशी, विहिरीत कशा पोहायचात? मी म्हटलं, कशा म्हणजे? गोल. विहीर गोल असते. उजवीकडे भिंत, डावीकडे मोकळं पाणी. श्वासही डावीकडेच घ्यायचा, उजवीकडे तोंड काढलं तर दगड लागतो.

तो बघतच राहिला. मग मीही.

सगळं लहानपण एका विहिरीत गेलं आणि ते वळण अंगातच राहिलंय. मला वाटत होतं मी सरळ चाललेय!

१६ नोव्हेंबर, रविवार

आता महिनोन् महिने शर्यती नाहीत. शिट्टी म्हणतो, हाच खरा काळ, आता पाया भरायचा. आमचा पाया म्हणजे — पहाटे पाणी, दिवसभर इस्त्री, संध्याकाळी दुकानात स्टँडवर चढवलेली सायकल. कुठेच न जाणारी. भिंतीकडे तोंड करून मारत बसायची.

सायकल यांनीच जोडलेली. गिऱ्हाइकं टाकून गेलेल्या सामानातून — चाक एकाचं, दांडा दुसऱ्याचा. भिंतीवर यांचे आकडे आहेत, सायकली टांगायचे. प्रत्येक आकड्याला रबरी नळी गुंडाळलेली. रंग खरवडला जाऊ नये म्हणून! लोकांच्या सायकलीला इतकं जपायचे. मी म्हणायचे, मला पण जरा नळी गुंडाळा. तर म्हणायचे, तुला ओरखडा काढायची कुणाची हिंमत आहे?

मारता मारता त्या आकड्यांकडे बघते. एकेका आकड्याशी भांडून होतं, तेवढ्यात घामाने खालची फरशी ओली होते.

३० नोव्हेंबर

उजवीकडे श्वास जमत नाही. तोंड वळतच नाही. दगड लागेल असं वाटतं. पाण्यात कुठला दगड, कळतं मला. मानेला कळत नाही.

१ डिसेंबर

पाणी नाकात.

४ डिसेंबर

पाणी नाकात.

१२ डिसेंबर

लाँड्रीत प्रत्येक शर्टाला उजवीकडे मान वळवून श्वास घेते. कॉलर — श्वास. बाही — श्वास. गिऱ्हाईक घाबरलं. मालकीणबाई त्याला म्हणाल्या, घाबरू नका, ती पोहतेय. वर मला म्हणाल्या, अगं, पोराकडे जायला एवढं काय भिणं, लोक तरसतात मुलाने बोलवावं म्हणून.

काय सांगणार? त्या घरात मी पाहुणी होणार. इथे मी बायको आहे, अजून.

१८ जानेवारी, रविवार

गुडघा. डावा. सूज आलीय. जिना उतरताना बाळासारखी बसून उतरले, एक एक पायरी.

पोरगा आला, गुडघा बघितला. मला वाटलं आता म्हणेल, सोड. म्हणाला नाही. पट्टा घेऊन आला, शेकायची पिशवी घेऊन आला. मग भांडीसुद्धा घासली! मी चिडवलं — सूनबाईने चांगलं तयार केलंय हं तुला. तो नळाकडे तोंड करून उभा होता. नळ सोडून दिला जोरात.

वाळलाय फार.

१५ फेब्रुवारी, रविवार

दुसरी सरावाची शर्यत. पाण्यातून सगळ्यांत शेवटी, पण वेळेत बाहेर आले! सायकलही झाली. मला वाटलं, घातली खिशात! आणि पळताना गुडघा असा धरला की रस्त्याच्या कडेला झाडाला मिठी मारून उभी राहिले. मागून गाडी आली. बसा म्हणाले. मी म्हटलं, नाही. तर ते म्हणाले, मावशी, वेळ संपली, झाडसुद्धा तुम्हाला सोडा म्हणतंय.

बसले.

दोन शर्यती आणि दोन्ही अर्धवट. एप्रिलची ह्याहून कितीतरी लांब. कुठून आणायचं एवढं? माझ्याकडे नाहीये. खरंच नाहीये.

१६ फेब्रुवारी

कपाटातून मोठी बॅग काढली. झटकली. उघडी ठेवलीय.

२० फेब्रुवारी

शिट्टी घरी आला. पहिल्यांदाच. बॅग बघून न बघितल्यासारखं केलं. म्हणाला, मावशी, तुम्ही पळू नका, झपझप चाला. चालून होतं का वेळेत? म्हणाला, सायकलवर वेळ कमावलीत तर जेमतेम होईल. जेमतेम म्हणजे? म्हणाला, जेमतेम.

बॅग कपाटात टाकली. पण वरच्या फळीवर नाही, खालच्या.

१५ मार्च, रविवार

पोरगा आला नाही. ताप म्हणाला. सूनबाई आहे ना बघायला, विचारलं. हो म्हणाला. मग कितीतरी वेळ फोन ठेवेना. मी पैजेवरून चिडवत राहिले — घाबरलास का, आई जिंकणार म्हणून? "हो," म्हणाला.

२ एप्रिल

भीती वाटते. जेवण जात नाही. इस्त्री करताना एकाचा शर्ट जाळला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मालकीणबाईंनी तो गुपचूप बाजूला ठेवला.

१२ एप्रिल, रविवार

आज अक्षर वेडंवाकडं येणार. येऊ दे.

तलाव लांबट. काठाकाठाने दूर जायचं, शेवटचा फुगा वळून परत. जाताना काठ उजवीकडे. माझ्या दगडाकडे! पहिल्या धक्काबुक्कीत सगळं विसरले. डावीकडेच श्वास, डावीकडेच वळण. होडीवाला ओरडला, तोच तो ऑक्टोबरवाला — बाई, बाजार बंद आहे आज! मला रडू आलं, चष्म्यात आतून पाणी. म्हटलं, संपलं. बॅग खालच्याच फळीवर आहे.

जीव तोडून मान उजवीकडे वळवली. दगड नव्हता. काठावर एक चुरगळलेला शर्ट होता.

पोरगा चालत होता. माझ्या बरोबरीने, झुडपांतून, चिखलातून. पुढचा श्वास — शर्ट. त्याच्या पुढचा — शर्ट. तो जवळ दिसला की मी सरळ, लांब गेला की मी वाकडी. एकदा तर घोट्याएवढ्या पाण्यात उतरला, मला दिसावा म्हणून. परत येताना काठ डावीकडे आला, ती तर माझी घरची बाजू, मला त्याची गरज नव्हती. तरी चालतच होता.

मूर्ख! मी सरळ गेले तर हरणार कोण?

सायकल मारली. यांची सायकल, एकदा कुरकुरली नाही. चढावर तिला शिव्या घातल्या, उतारावर पाया पडले. मग चालले. झपझप. गुडघा नुसता पेटला होता. पोरीबाळी पुढे गेल्या, ऊन गेलं, रस्ता मोकळा झाला. मागून ती गाडी. मी तिच्याकडे बघितलंच नाही. शेवटी शिट्टी वाजत होती, वेड्यासारखी, सारखी. लोक कमानीखालचं आवरायला लागले होते. मी गेले. कमानीतून. वेळेत!

शिट्टी रडत होता. मी म्हटलं, अहो मास्तर, टॉवेल आमच्याकडेच धुवायला येणार आहेत, पुसा बिनधास्त.

पोरगा चिखलाने भरलेला. त्याने माझे बूट काढले, पाय मांडीवर घेतले. म्हणाला, "जिंकलीस. आता नाही काढणार विषय." आणि तोंड फिरवलं. मी म्हटलं, हरल्याचं एवढं वाईट वाटून घेतात का? हसला नाही.

घर माझं राहिलं. शटर उघडून यांना सांगितलं.

१६ एप्रिल

सूनबाईला पदक दाखवून चिडवावं म्हणून न सांगता गेले. त्याने चावी कधीची देऊन ठेवलीय, मीच वापरली नव्हती.

सिंकमधे एक ताट. दोरीवर एकाचे कपडे. तिचं कपाट रिकामं, आतल्या फळीवर धूळ बसलेली — आजकालची नाही. खुर्चीवर न इस्त्री केलेल्या शर्टांचा ढीग. आणि आतल्या खोलीत माझ्यासाठी खाट. खाटेवरच्या भिंतीत एक मोठा आकडा ठोकलेला, सायकल टांगायचा. त्याला रबरी नळी गुंडाळलेली.

मला न्यायला येत नव्हता तो, एकटा पडला होता म्हणून यायचा.

सगळ्या शर्टांना इस्त्री केली. तो आला, मला बघून दारातच थांबला. मी म्हटलं, "तू विषय काढायचा नाहीस असं ठरलंय. मी काढायचा नाही असं कुठे ठरलंय?"