बाइंडिंग शिवणीचं की गोंदाचं?

ती. वन्सं,

पाया पडते (कागदावरच, कारण वाकले की उठायला टेबल लागतं). तुमचे गुडघे आणि तुमचा राग, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. मी बरी आहे. मानेत एक गाठ आली आहे, एवढंच. डॉक्टरांनी सुईने तुकडा काढून तपासायला पाठवला आहे. तुम्ही काळजी करू नका. ती मी करते आहे, आणि दोघींना पुरून उरेल इतकी करते आहे.

झालं असं, की तिथली तरुण डॉक्टरीणबाई म्हणाली, कॅन्सर आहे का ते कळेलच, पण आमच्या अभ्यासासाठी आणखी एक तपासणी करू, आरएनए-बाइंडिंग प्रोटीनची. आता माझा जन्म गेला पुस्तकं बांधण्यात. (तुमचे बंधू गेल्यापासून दुकान मीच बघते, आणि शिवता शिवता हाताखालून जाईल ते वाचते, मधुमेहापासून धरणांपर्यंत.) भीतीने डोकं बधिर झालेलं, तोंडातून निघून गेलं, “शिवणीचं की गोंदाचं?” तिने माझं वय पुन्हा विचारलं.

पण पोरगी गुणाची. तिने समजावलं, की पेशीत एक मोठा ग्रंथ असतो, त्यातून कामापुरत्या चिठ्ठ्या उतरवतात, तो आरएनए. काम झालं की चिठ्ठी रद्दीत. कुठली ठेवायची, कुठली फाडायची, हे तिला धरणारी प्रोटीनं बघतात. काही कॅन्सरमध्ये ती फार माजतात आणि ‘वाढा, वाढा’ सांगणारी चिठ्ठी फाडूच देत नाहीत. मी म्हटलं, म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखी. (जास्तीचा छापील फर्मा रद्दीत टाकवेना म्हणून ह्यांनी व्याकरणाच्या पुस्तकात तीच सोळा पानं तीनदा बांधली होती, आणि मास्तर भांडायला आले होते, की वर्ग संधीतून बाहेरच पडत नाही.) ती हसली, मीही हसले, आणि मग मला रडू आलं. ह्यांच्या पोटातही असंच कुणीतरी नको ती चिठ्ठी धरून बसलं असेल, आणि आम्ही दोघं बाहेर निवांत सुईत दोरा ओवत होतो.

बाकी सर्व ठीक.

तुमची भावजय

ता. क. निकाल सोमवारी सकाळी आहे. मी एकटी जाईन. घाबरलेली नाही. उगाच प्रवासाची दगदग करू नका.

पुन्हा ता. क. वरचं वाचू नका. तुमच्या भावाचा निकाल मी एकटीने ऐकला होता आणि घरी येऊन त्यांना सांगितला होता. आता घरी सांगायला कुणी नाही. तुम्ही रविवारीच या. शेजारी बसून ऐका, आणि काहीही निघालं तरी घरी येईपर्यंत माझ्यावर रागवत राहा.